मनुकांचा रस

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी अश्वजित मुनेश्वर सरांच्या घरात काळ्या मनुका शिजायच्या, आणि दुपारी सरांना चमचाभर रस चाखावा लागायचा.

"कसा झाला?" त्यांची बायको विजयमाला विचारायची.

"झकास," सर म्हणायचे.

मग ती रस फडक्यातून पुन्हा एकदा गाळायची, काचेच्या बाटलीत भरायची आणि बाटलीला पांढरा रुमाल गुंडाळून फळीवर ठेवायची. रविवारी सर तिला स्कूटरवर बसवून चर्चपर्यंत सोडायचे. बाटली तिच्या मांडीवर असायची. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीच्या तुकड्यासोबत तोच रस इवल्याशा पेल्यांतून मंडळीला दिला जायचा, ख्रिस्ताचं रक्त म्हणून. हा नेम अडतीस वर्षं चालला होता. पाऊस असो की ऊन, त्यात खंड पडला नव्हता.

सरांचं आणि देवाचं मात्र कधी जमलं नाही. घर बौद्धांचं. त्यांच्या आईनं, कांताबाईनं, घरात बुद्धाची मूर्ती मांडली, तर सर तिच्यापुढेही हात जोडेनात. "याले बुद्ध नाई, येशू नाई, म्हसोबा नाई. कोनाचाच धाक नाई या पोट्ट्याले," असं ती जन्मभर म्हणत राहिली. सर घाटंजीच्या अलीकडच्या त्या गावात विज्ञान शिकवायचे. एकदा वर्गातल्या पोराला विंचू चावला म्हणून त्याला सायकलवर घालून मिशनच्या दवाखान्यात घेऊन गेले, आणि तिथे पांढऱ्या कपड्यातल्या नर्सनं त्यांनाच दटावलं, "घाबरू नका सर, विंचू तुमाले नाई चावला." वर्षभरानं दोघांनी यवतमाळला जाऊन नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. ती त्यांना सर म्हणत राहिली, ते तिला सिस्टर म्हणत राहिले. दवाखाना पुढे बंद पडला, सर निवृत्त झाले, तरी घरात तीच हाक राहिली.

चर्च कौलारू होतं, दगडी भिंतींचं. कोण्या गोऱ्या मिशनरी बाईनं बांधलेलं. पंचवीसेक घरांची मंडळी. सर आत कधी गेले नाहीत. बाहेर कडुनिंबाखाली पेपर वाचत बसायचे. पण खिडक्या उघड्या, उपदेश कानावर पडायचाच, आणि परतीच्या वाटेवर सर त्याची चिरफाड करायचे.

"तुमचे पाळकसाहेब म्हनत होते, मानूस जन्मतःच पापी. दहा दिवसाचं लेकरू, त्यानं काय पाप केलं व?"

"समोर खड्डा हाये," मागून विजयमाला म्हणायची.

खिडकीतून सरांना आणखी एक गोष्ट दिसायची. विजयमाला अगदी शेवटच्या बाकावर बसायची, आणि भाकरीचं ताट नि पेल्यांचा ट्रे तिच्यापर्यंत आला की तिच्यासमोरून तसाच पुढे जायचा. ती घेत नव्हती. सरांनी कधी विचारलं नाही. त्यांना वाटायचं, आपलं इतक्या वर्षांचं बोलणं वाया गेलेलं नाही. बायको चर्चला जाते ती आईबापाची सवय म्हणून, पण रस म्हणजे रक्त हे काही तिच्या गळी उतरत नाही. नर्सच ती, रक्त काय असतं ते तिला कळतं. या समजुतीवर सर मनातल्या मनात खूश असायचे, आणि शिकलेला माणूस एकदा खूश झाला की मग तो विचारत नाही.

दिवाळीनंतर तिचं पोट दुखायला लागलं. यवतमाळ झालं, नागपूर झालं. यकृतातली गाठ पसरली होती. डॉक्टरांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं, आता घरीच ठेवा. तिला काही सांगावं लागलं नाही. तीस वर्षं तिनं दुसऱ्यांचे असेच कागद पाहिले होते.

जानेवारीतली गोष्ट. अंगणात खाट टाकून ती उन्हात पडली होती, सर तिच्यासाठी मोसंबी सोलत होते.

"सर, एक सांगू? हासू नोका."

"सांग."

"एक डाव प्रभुभोजन घ्याव वाटते. जाच्या आधी."

सरांच्या हातातली फोड हातातच राहिली. "मंग घे न. तुले कोन नाई म्हनते? तूच तं घेत नाई."

विजयमाला त्यांच्याकडे बघत राहिली. हा माणूस थट्टा करतोय की काय, असं तिला वाटलं असावं. मग तिच्या लक्षात आलं की याला खरंच माहीत नाही.

"मी घेत नाई असं नाई सर. मले बंद हाये," ती म्हणाली. "मी शिस्तीखाली हावो."

आणि तिनं सांगितलं. विश्वास न ठेवणाऱ्याशी लग्न केलं म्हणून पंचांनी ठराव केला होता. तिनं मंडळीसमोर उभं राहून, हे लग्न पाप होतं आणि त्याचा मला पश्चात्ताप होतो अशी कबुली द्यायची. कबुली दिली की त्याच दिवशी शिस्त उठणार होती. नवऱ्याला सोडावं असं कोणी म्हणालं नव्हतं. फक्त तेवढं वाक्य म्हणायचं होतं.

"अन् तू नाई म्हनलं?"

"कसं म्हनू? पश्चात्ताप झाला नाई तं झाला कसं म्हनू? मानसासमोर बोलता येते खोटं. ते देवाच्या समोर म्हना लागते."

सर उठून अंगणाच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. राग आला होता आणि कोणावर काढावा ते कळत नव्हतं. चर्चवर होताच. पण त्याहून जास्त स्वतःवर होता. कडुनिंबाखाली बसून, बायकोचं उपाशी राहणं त्यांनी स्वतःचा विजय म्हणून पाहिलं होतं. इतकी वर्षं.

"मंग रस कायले करून देत होती त्याईले?"

"रस कराले बंदी नोती," ती म्हणाली. "घ्याले होती. माही माय करत होती, आपल्या लगनाच्याच महिन्यात ते गेली, तवापासून मी कराले लागली. कोनी काई म्हनलं नाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी सर पाळकांच्या बंगल्यावर गेले. बंगला म्हणायचा एवढंच, दोन खोल्या आणि पुढे ओटा. पाळक नयन तिशीचा होता, नगरकडून आलेला, सायकलवर गावोगाव हिंडणारा. माणूस वाईट नव्हता. सरांना तो वाईट असता तर बरं झालं असतं, भांडण सोपं गेलं असतं.

"तुमी त्याले दान म्हनता न? फुकटचं दान?" सरांनी बसल्या बसल्या विचारलं.

"हो सर. कृपा. ती कोणाला कमावता येत नाही."

"जे कमावता येत नाई ते अडवता कसं येते? अडतीस वर्षं अडवलं तुमी."

"मी इथे आलो तीन वर्षांपूर्वी, पण ते जाऊ द्या," नयन म्हणाला. "मंडळीनं अडवलं असं नाही सर. पाप मध्ये उभं असतं. पश्चात्ताप झाला की ते बाजूला होतं."

"म्हंजे ते पाप मीच न?"

नयननं आत हाक मारली. त्याच्या बायकोनं चहा आणून ठेवला आणि ती आत गेली.

सरांमधला मास्तर जागा झाला. "माह्या वर्गात एका पोरानं खिडकी फोडली, अन् मी दुसऱ्याच गरीब पोराले छड्या मारल्या, तं तुमी मले शहाना म्हनसान? तुमच्या देवानं तेच केलं. पाप सगळ्याईचं, अन् मार खाल्ला एकट्यानं."

"आणि मास्तरनं स्वतःचाच हात पुढे केला असेल तर?" नयन शांतपणे म्हणाला. "आम्ही तेच सांगतो, सर. मार खाणारा दुसरा कोणी नव्हता. तो स्वतःच होता."

असं उत्तर सरांनी ऐकलं नव्हतं आणि ते त्यांना एकदम टाकून देता येईना.

"चांगला हाये तुमचा मास्तर," शेवटी ते म्हणाले. "पन मंग त्यानं छडी उचललीच कायले? पोराले जवळ घ्या, खिडकीची काच नवी लावून घ्या, झालं. अन् एवढा मार सोताच खाल्ल्यावर, शेवटच्या बाकावरच्या बाईले पुन्हा उभं रहा कोन म्हनते? मास्तर म्हनते का वर्गातले मॉनिटर म्हनतात?"

नयननं चहाचा कप फिरवला. "मला तुमच्याएवढं बोलता येत नाही. पण नियम मी एकटा मोडू शकत नाही, चर्चच्या वरच्या साहेबांनाही उत्तर द्यावं लागतं. सिस्टरनं दोन शब्द बोलावेत. नाहीतर..." तो अडखळला. "नाहीतर तुम्ही बाप्तिस्मा घेतलात, तर विषयच मिटतो. नवरा विश्वासात आला की लग्न विजोड राहत नाही. शिस्त आपोआप उठते. या रविवारी प्रभुभोजन आहेच."

सर उठून घरी आले. आले तेव्हा त्यांचं ठरलेलं होतं. जो नाहीच, त्याच्यासमोर खोटं बोलायला आपल्या बापाचं काय जातं? डोक्यावर पाणी घ्यायचं, हो म्हणायचं. घशात औषधाची गोळी ढकलावी तसं एक वाक्य ढकलायचं. बायको मरणाच्या दारात असताना तत्त्वं कुरवाळत बसणारा माणूस आपल्याला आवडला नसता, हेही त्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी त्यांनी नयनला फोन करून होकार कळवला. फोन ठेवल्यावर मात्र त्यांना जेवण गेलं नाही.

शनिवारी रस सरांनाच करावा लागला. विजयमालाला उभं राहवत नव्हतं. ती खोलीतल्या खाटेवरून सांगत होती आणि सर स्वयंपाकघरातून ओरडून विचारत होते. भिजलेल्या मनुका पाट्यावर वाटायच्या, बियांसकट, तिची आई वाटायची तशा. मग पाण्यात शिजवायच्या. मग दोनदा गाळायच्या. सरांनी सगळं केलं, बनियनवर डाग पाडून घेतले, चमचाभर स्वतः चाखला, आणि पुन्हा चमचा भरून खोलीत आले.

"आज तू पाह्य कसा झाला. आज मी केला."

चमचा तिच्या ओठांजवळ नेला, तशी तिनं तोंड बाजूला फिरवलं. पटकन, लहान मूल कडू औषधाला फिरवतं तसं.

"मी नाई चाखत सर."

"चमचाभर तं हाये. हा काई चर्चमधला नाई, आपल्या चुलीवरच्या गंजातला हाये."

"मले मालूम हाये. पन तो ज्याच्यासाठी हाये त्याच्यासाठीच तोंडाले लावाव, अन् ते मले बंद हाये. म्हून तं तुमाले चाखाले लावत होती."

सर खाटेच्या कडेवर बसले. चमचा हातात तसाच. दर महिन्याला ती चमचा पुढे करायची, ते सर नवराबायकोचं लाडाचं काहीतरी समजत आले होते. तिनं स्वतःच्या हातांनी केलेला रस जन्मात एकदाही चाखलेला नव्हता. गावातल्या विश्वासणाऱ्यांनी तो प्यायला, आणि देव न मानणारा तिचा नवरा तो सगळ्यांच्या आधी चाखत आला.

"उद्या तुले भेटन," सर म्हणाले. "मी बोललो पाळकसाहेबाशी. उद्या मी बाप्तिस्मा घेतो. मंग तुह्यावरची शिस्त उठते."

विजयमाला उशीवर वर सरकली. तिचे डोळे क्षणभर असे उजळले की सरांना बघवेना.

"तुमचा विश्वास बसला?"

सरांनी हो म्हणायचं ठरवलं होतं. ओठापर्यंत आलंही होतं.

"नाई," ते म्हणाले.

ती परत उशीवर पडली.

"मंग नोका घेऊ."

"अव पन मले काय फरक पडते? मी नुसतं म्हनन..."

"मले पडते." तिला धाप लागली होती. थांबून थांबून बोलत होती. "सर, तुमी मले कधी इचारलं नाई, का मेल्यावर तुमचं काय होईन असं मले वाटते. आमच्यात काय सांगतात ते तुमाले मालूम हाये."

"मालूम हाये. मी जळतो."

"हासू नोका. लगनाच्या दिवसापासून मी त्याचाच इचार करून राह्यली. मी तिथं पोचली का पयले तुमच्याबद्दल बोलनार हावो. तुमी प्रार्थना केली नाई, चर्चले आले नाई, सगळं कबूल करन. पन एक सांगीन, का हा मानूस आयुष्यात कधी खोटं बोलला नाई. देव नाई वाटला तं नाई म्हनला, जसं वाटलं तसं म्हनला. अशा मानसाले तू कसा टाकशीन, असं इचारीन. माह्याजवळ तुमच्यासाठी तेवढंच हाये सर. ते तुमी उद्या घालवू नोका."

सरांच्या हातातला चमचा कलला आणि रस त्यांच्या धोतरावर सांडला. ते उठले, चमचा धुतला, बाटली भरली, रुमाल गुंडाळला. तिनं विचारलं, "कसा झाला?" आणि सवयीनं सरांच्या तोंडून निघालं, "झकास."

मग ते मोरीत जाऊन उभे राहिले, नळ सोडून.

कारण रस तुरट होता. आजचाच नव्हे, पहिल्या दिवसापासूनचा. बिया वाटल्या की त्यांचा तुरटपणा उतरतो, हे विज्ञानाच्या मास्तरला न कळायला काय झालं? लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिनं चमचा पुढे केला तेव्हा सरांची जीभ आखडली होती. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते आणि देवभोळ्या माणसांची फजिती करण्यात त्यांना फार मजा वाटायची. पिऊ दे लेकाच्यांना, रक्त म्हणून पितात ना, रक्त काय गोड लागतं? असं म्हणून त्यांनी "झकास" म्हटलं होतं. दुसऱ्या महिन्यात खरं सांगायचं, तर पहिलं खोटं उघडं पडलं असतं. तिसऱ्या महिन्यात आणखी अवघड झालं. पुढे तो शब्द जिभेवर बसून गेला आणि त्यात खोटं आहे हेच सर विसरले. आणि ती बाई हा माणूस कधी खोटं बोलला नाही, असं देवाला सांगायला निघाली होती.

देव आहे असं सरांना अजूनही वाटत नव्हतं. पण विजयमाला खोटी साक्ष देणार होती, आणि तिला ठाऊक नव्हतं, हे काही त्यांना सहन होईना.

रविवारी शेजारची जमनी तिच्याजवळ बसली आणि सर बाटली घेऊन चर्चला गेले. पाणी भरलेलं घंगाळ पुढे तयार होतं. दारातच त्यांनी नयनला सांगितलं, "बाप्तिस्मा नाई घेत मी. पन आत येऊन बसू का?" नयनचा चेहरा पडला, तरी तो म्हणाला, "या." सरांनी चपला काढल्या आणि अडतीस वर्षांत पहिल्यांदा आत जाऊन शेवटच्या बाकावर बसले. बाकाच्या कडेचं लाकूड एका जागी गुळगुळीत झालं होतं. तिचा हात तिथे असायचा.

गीत झालं, उपदेश झाला. प्रभुभोजनाआधी नयननं नेहमीप्रमाणे विचारलं, कोणाला मंडळीसमोर कबुली द्यायची आहे का. सहसा कोणी उठत नाही. सर उठले.

"मी तुमच्यातला नाई," ते म्हणाले. "देव हाये असं मले वाटत नाई. काल वाटत नोतं, आजबी नाई. पन तुमच्यात उभं राहून सांगाची रीत हाये म्हून उभा राह्यलो. हा जो रस हाये, तो जिनं केला तिनं कधी चाखला नाई. तिले बंद होता. तिच्या जागी मी चाखत होतो. तो तुरट होता. दर महिन्याले तुरट होता, अन् दर महिन्याले मी तिले झकास झाला म्हनून सांगतलं. पयल्या डावाले तुमची फजिती कराले सांगतलं. मंग सवय झाली. ती आता तुमच्या देवासमोर माह्याबद्दल सांगनार हाये, का हा मानूस कधी खोटं बोलला नाई. तिचा शब्द खोटा पडू नाई म्हून सांगून राह्यलो. तिले अजून मालूम नाई. घरी जाऊन सांगतो."

सर खाली बसले.

पुढच्या बाकावरून काठी आपटल्याचा आवाज आला. नानाजी उठत होते. मंडळीतले सगळ्यांत जुने पंच, पंच्याऐंशीचे. उठायला त्यांना वेळ लागला.

"सर, तुमी आज सांगून राह्यले," नानाजी म्हणाले. "आमाले पयल्या दिवसापासून मालूम हाये. आमी पेतो न तो."

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"पन तिले सांगन कोन? तिची माय होती तोवर तिले सांगत होतो आमी, मायबाई, जरा साखर टाकत जा, अन् ते टाकत होती. इले काय सांगाव? जिले आमी ओठाले लावू देल्ला नाई, तिले कोन्या तोंडानं सांगाव, का बाई तुहा रस तुरट हाये?" नानाजींनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "त्या ठरावावर पयली सही माही हाये. तवा मले वाटलं, पोरगी महिनाभरात कबुली देईन, येईन पुढच्या बाकावर. ते मागंच बसून राह्यली, अन् आमचं पेनं थांबलं नाई. साहेब, तो पेला घ्या. जाऊ तिच्या घरी."

"नानाजी, कबुलीशिवाय..." नयन म्हणाला.

"कबुली मी देऊन राह्यलो न. लिहा माह्या नावानं."

नयन मेजापाशी उभा होता. त्यानं मंडळीकडे पाहिलं. कोणी हो म्हणालं नाही आणि कोणी नाहीही म्हणालं नाही. मग त्यानं ताटावरचा पांढरा कपडा उचलून ताट नि एक पेला त्यात झाकून घेतला. "वर मी कळवीन," तो म्हणाला. "काय व्हायचं ते होईल." त्याचा आवाज नेहमीसारखा ठाम नव्हता, आणि सरांना तो त्या वेळी फार आवडला.

सगळे पायीच गेले, नानाजींच्या चालीनं. अंगणात एवढी माणसं पाहून जमनी घाबरली, तिला भलतंच वाटलं. विजयमाला जागी होती. नयन खाटेजवळ गेला तशी तिची नजर कपड्याखालच्या वस्तूवर गेली आणि तिथेच राहिली.

"कबुली कोनी देल्ली?" तिनं विचारलं.

"मी देल्ली," दारातून नानाजी म्हणाले. "अन् तुह्या सरानं देल्ली."

ती दचकली. "सर, तुमी पानी घेतलं?"

"नाई. माही कबुली अलग हाये. तू घे, मंग सांगतो."

नयननं प्रार्थना केली. सरांनी हात जोडले नाहीत. तिला पाठीमागून धरून बसतं करायला दोन्ही हात लागत होते. भाकरीचा तुकडा तिनं कितीतरी वेळ चावला. मग पेला तिनं स्वतःच्या हातानं घेतला आणि सगळा प्यायली. तिचे गाल आत ओढले गेले, डोळे बारीक झाले. तिनं वळून सरांकडे पाहिलं. अंगणातली माणसं जमिनीकडे बघू लागली.

"हा असा लागते?"

"पयल्यापासून," सर म्हणाले.

माणसं एकेक करून तिच्या पायाला हात लावून गेली. नानाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो उचलायचं विसरले, नयननं त्यांना धरून नेलं. घर रिकामं झाल्यावर सरांनी तिला सगळं सांगितलं, पहिल्या चमच्यापासून, काही न लपवता.

"आता मी तिथं काय सांगू?" विजयमाला म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, दोन्ही एकदम. "एकच गोष्ट होती माह्याजवळ."

"खरं सांग. म्हनाव, एकच खोटं बोलला, अन् मंग उभं राहून सांगून टाकलं."

"त्याले हासू येईन."

"येऊ दे," सर म्हणाले. "हासनारा असन, तं बोलीन मी त्याच्याशी."

तिनं त्यांचा हात धरला. त्या हातावर मनुकांचा डाग तसाच होता, कालपासून धुऊनही निघत नव्हता.

गुरुवारी सकाळी ती गेली. चर्चच्या मागच्या दफनभूमीत, तिच्या आईच्या शेजारी तिला ठेवलं. सरांनी माती टाकली. तिला पुन्हा भेटू असं नयन म्हणाला. सरांना तसं वाटत नव्हतं. वाटलं असतं तर बरं झालं असतं, हे मात्र त्यांनी त्या दिवशी स्वतःशी कबूल केलं.

पुढच्या महिन्यात पहिला शनिवार आला. कोणी सांगितलं नव्हतं, तरी सरांनी शुक्रवारीच मनुका भिजत घातल्या होत्या. सकाळी चष्मा लावून ते ओट्यावर बसले आणि तिच्या दवाखान्यातल्या जुन्या चिमट्यानं एकेका मनुकेतली बी काढत राहिले. दुपार झाली. रस शिजला, गाळला, आणि सरांनी चमचाभर तोंडात घेतला.

रविवारी चर्चच्या दारात पेले भरणाऱ्या कोकिळा नावाच्या पोरीनं त्यांच्या हातून बाटली घेतली. "कसा झाला सर?"

"गोड झाला," सर म्हणाले. मग थांबून म्हणाले, "पन माह्या भरवशावर राहू नोको. तूबी चाखून पाह्य."

ते कडुनिंबाखाली जाऊन बसले. पेपर उघडलाच नाही. उपासना सुटल्यावर कोकिळा रिकामी बाटली घेऊन आली, धुऊन, रुमालात गुंडाळलेली.

"सर, खरंच गोड झालता. समदे म्हनत होते."

सरांनी बाटली मांडीवर घेतली. "सिस्टरले पयल्याच डावाले सांगाले पायजे होतं," ते म्हणाले, आणि चर्चमधून माणसं बाहेर येत होती तरी त्यांनी डोळे पुसले नाहीत.